चौदा पानांची प्रश्नचिन्हं

अड्यारच्या त्या लहानशा कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायला मी लागलो, त्याच वर्षी आम्हाला एक जपानी गिऱ्हाईक मिळालं. साहेबांनी विचारलं, "आपल्या मशीनवर जपानी लिहिता येईल का?" मी म्हणालो, "येईल की. त्यात काय आहे." जपानी अक्षरं मी तोवर फक्त कॅल्क्युलेटरच्या खोक्यावर पाहिली होती.

पण झालं खरं. सीडी घातली, सेटिंगमध्ये पूर्वेकडच्या भाषांच्या चौकोनात टिक केली, मशीन बंद करून चालू केलं आणि कोपऱ्यात एक इवलीशी पट्टी उगवली. इंग्रजीत 'का' टाइप केलं की जपानी 'का' उमटायचा, स्पेस दाबली की चिनी अक्षरांची यादी उघडायची. ऑफिस जमलं. मी तीनदा 'का' लिहून दाखवला.

लिहिणार होत्या मामी. ऑफिसात सगळे त्यांना मामीच म्हणायचे. वय पंचावन्नच्या पुढे, माहेर-सासर दोन्ही तंजावरकडचं मराठी. शाळेतली नोकरी सुटल्यावर कॉलेजच्या पोरांशेजारी बसून चार वर्षं जपानी शिकलेल्या. घरी सून हसायची, म्हातारपणी जपानी ऐकवणार कुणाला म्हणून. आता तीन महिन्यांच्या बोलीवर त्यांना घेतलं होतं. गिऱ्हाइकाने शंकांची लांबलचक यादी पाठवली होती. तिची उत्तरं मामींनी जपानीत नीट पाठवली तर नोकरी कायम, नाहीतर राम राम. हे साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

मी त्यांच्या मराठीची टर उडवायचो. "मामी, तुमची मराठी म्युझियममधली."

"आणि तुझी कालची," त्या मान न उचलता म्हणायच्या. "उद्यां राहील कीं नाहीं, बघ."

स्पेस दाबल्यावर उघडणाऱ्या यादीतलं प्रत्येक अक्षर त्या चष्मा वर करून वाचायच्या. मी म्हणायचो, "पहिलंच घ्या ना." त्या तमिळ शेपूट लावून म्हणायच्या, "तुझं लग्न ठरतांना पण पहिलीच घे, सरि?"

आधी कागदावर, मग मशीनवर, असं करत दोन आठवड्यांत चौदा पानं झाली. शुक्रवारी दुपारी पाठवायची होती. आमचं आधीचं एक पत्र तिकडे फुटक्या अक्षरांत पोचलं होतं, म्हणून मी ठरवलं की फाइल त्याच नावाने दुसऱ्या प्रकारात सेव्ह करून पाठवावी. तशी करताना पडद्यावर एक चौकट आली. चौकटी न वाचता 'ओके' दाबणं ही मी तेव्हा हुशारी समजायचो. तिच्यात लिहिलं होतं, या प्रकारात सेव्ह केलं तर यातली काही अक्षरं जातील. हे मी नंतर वाचलं. तीच फाइल सर्व्हरवरच्या जुन्या प्रतीवर चढवली, सुरक्षित राहावी म्हणून, आणि उघडून न पाहता पाठवून दिली. जपानी मला वाचता येत नव्हतं, पण प्रश्नचिन्हं येत होती.

तासाभरात तिकडून अतिशय नम्र इंग्रजीत उत्तर आलं की आपल्या उत्तरांत फक्त प्रश्न दिसत आहेत, कृपया सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा पाठवावीत. मी फाइल उघडली. चौदा पानं, ओळीने प्रश्नचिन्हं. प्रतीतही तेच.

साहेब आले. "कुणी केलं हे?"

मामी शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणालो, "टाइप करताना काहीतरी चुकलं असेल." कुणाचं, ते मी बोललो नाही. साहेबांनी मामींकडे पाहिलं, एवढं मला पुरलं.

साहेब गेल्यावर मामींनी वही उघडली. "अस्कं, सगळं म्हणजे सगळं, माझ्या हातानंच गेलं. काय चुकलं तें सांग. लिहून घेतें. परत होऊं नये."

आता सांगायला काहीतरी हवं होतं. मी म्हणालो, "तुम्ही फाइल फार वेळ उघडी ठेवता, मामी. ही अक्षरं जड असतात, साचली की फुटतात. दर दोन ओळींनंतर सेव्ह करायचं, फाइल बंद करायची, पुन्हा उघडायची." त्यांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. खाली रेघ मारली.

शनिवार-रविवार त्या ऑफिसात बसल्या. कागदावरची उत्तरं शाबूत होती, सरळ टाइप केली असती तर रविवारीच संपली असती. मी तिरुवल्लिकेणीतल्या माझ्या मॅन्शनच्या, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या लॉजच्या, खोलीत पडून होतो. खालच्या बूथवरून फोन करायला दोनदा उतरलो. पण 'बंद करू नका, नुसतं लिहीत जा' म्हणायचं, तर मग शुक्रवारी काय झालं तेही सांगावं लागणार होतं. दोन्ही वेळा कॉफी पिऊन वर आलो.

सोमवारी सकाळी पोचलो तेव्हा त्या दोन ओळी लिहीत होत्या, फाइल बंद करत होत्या, उघडत होत्या. आमचं मशीन उघडायलाच मिनिटभर घ्यायचं. दुपारपर्यंत नऊ पानं झाली. फाइल अजिबात बिघडली नव्हती. "बघ, तूं सांगितलेलं बरोबर," त्या म्हणाल्या.

नऊच पानं पाठवता आली. उरलेल्या पाचांसाठी गिऱ्हाइकाने तिकडचाच माणूस शोधला. महिनाअखेरीस साहेबांनी मामींना आत बोलावलं. पाच मिनिटांत त्या बाहेर आल्या, टेबल आवरलं, डबा पिशवीत घातला आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"माझ्यामुळं तुझं नांव तर खराब झालं नाहीं नं? मशीन तूं बसवलेलं."

"नाही," मी म्हणालो.

"पहिल्याच दिवशीं विचारून घ्यायला हवं होतं मी. राग धरूं नको."

आणि मी, खुर्चीतून न उठता, मोठ्या मनाने म्हणालो, "असू द्या, मामी. होतं असं."