ओझेला टेटम गावी जाऊन आली

ओझेला टेटमला अख्खी गल्ली मोठी आई म्हणायची. हयात क्लीव्हलँडमध्ये गेली, पण कुणी गाव विचारलं की ती दक्षिणेतलं अलाबामाच सांगायची. तिकडच्या लाल मातीत, दुसऱ्याच्या कापसाच्या शेतावर ती जन्मली होती. उत्तरेत इतकी वर्षं काढून बोलण्यातला तिकडचा हेल काही गेला नव्हता.

नात व्हर्लीन तिच्याच हाताखाली वाढली. व्हर्लीनची आई, म्हणजे तिची लेक, बाळंतपणात गेली तेव्हा मोठी आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर वाफेत चादरी उपसून यायची, कोमट पाण्यात पाय सोडून बसायची आणि बसल्या बसल्या नातीच्या वेण्या घालायची. वेण्या घालताना गावच्या गोष्टी चालायच्या. एक गोष्ट मात्र ती कधी पुरी सांगत नसे. तिचं पहिलं मूल, रांगायलाही न लागलेलं, गावी तापाने गेलं होतं. त्याच आठवड्यात नवरा रूफस मतदार म्हणून नाव घालायला कचेरीत गेला होता. ते गोऱ्या शेतमालकाच्या कानावर गेलं, आणि काळ्या कुळाने मत मागितलं म्हणून त्याने खोपट रिकामं करायला सांगितलं. सकाळी चर्चच्या दफनभूमीत मूल पुरलं, थडग्यावर खूण म्हणून फुटका निळा कप रोवला आणि दुपारी चुलतभावाच्या ट्रकमध्ये बसून दोघं निघाली. पुढे रूफस पोलादाच्या कारखान्यात राबून राबून संपला, आणि तिने त्याला क्लीव्हलँडलाच पुरलं.

म्हातारपणी तिचं एकच पालुपद होतं. मी मेले की मला गावी ने, बाळाजवळ ठेव. व्हर्लीन शहरात बस चालवायची. ड्युटी उरकून यायची, आजीला आंघोळ घालायची, भरवायची, आणि हे पालुपद ऐकत भांडी घासायची. होय गं, नेईन, म्हणायची. कसं नेणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी एका उन्हाळ्यात तिने रजा टाकली आणि आजीला जिवंतपणीच गाडीत घातलं. वाटेत दर पेट्रोलपंपावर आजीला धरून उतरवायचं, पुन्हा चढवायचं. टेनेसीत व्हर्लीन एकदा वैतागून बोललीच. आजी खिडकीबाहेर बघत राहिली.

गावच्या चर्चचे म्हातारे सेवेकरी एमस गँडी त्यांची वाट बघत थांबले होते. चर्च कधीच हमरस्त्यावर हललं होतं. जुन्या जागेवर, दफनभूमीसकट, लाकूडवाल्यांनी पाइनची झाडं लावली होती, एकसारख्या रांगांत, नजर पोचेल तिथवर. गँडींनी आजीला हाताला धरून आत नेलं. इथेच कुठेतरी असेल, ते म्हणाले, पण नांगर फिरला तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं. व्हर्लीनने काठीने पालापाचोळा उकरून पाहिला. निळं काही दिसलं नाही. डास अंगावर येत होते, घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"अजून थोडं पुढे बघू या का?" तिने विचारलं.

"नको गं. पाय उचलत नाहीत आता."

गँडींनी टोपी काढली आणि प्रार्थनेसाठी मुलाचं नाव विचारलं. आजी झाडाला टेकली.

"लुशियस," ती म्हणाली. "लुशियस टेटम."

व्हर्लीनने ते नाव पहिल्यांदाच ऐकलं.

गाडीत बसल्यावर आजीने बूट काढायला लावले. मग म्हणाली, "इथं आण, इथं आण म्हणून तुझं डोकं खाल्लं ना मी? नको आणूस."

"मग कुठे ठेवू तुला?"

"तिकडेच. आजोबांच्या न् तुझ्या आईच्या शेजारी. बर्फ पडतो मेला, पण तू येशील तरी. इथं कोण येणार, ही झाडं?"

व्हर्लीनला आधी हायसं वाटलं, मग हायसं वाटल्याची लाज वाटली. तिने गाडी सुरू केली. आजी झोपली होती.

पुढच्या फेब्रुवारीत मोठी आई गेली. जमीन गोठलेली, खणणाऱ्यांना यंत्र आणावं लागलं. चर्चच्या बायकांनी तळलेली कोंबडी, पालेभाजी, रताळ्याची गोड पाई असं काय काय आणलं, आलेल्यांना जेवू घातलं आणि भांडी घासून ठेवून गेल्या. व्हर्लीन स्वयंपाकघरात बसून राहिली. रडायलाही अंगात त्राण नव्हतं. कुणीतरी ताट समोर ठेवलं तेव्हा ती जेवली.

वसंतात दगड बसवला. त्यावर ओझेलाच्या नावाखाली तिने लुशियसचंही नाव कोरून घेतलं. कोरणाऱ्याने जन्मसाल विचारलं, ते तिला सांगता आलं नाही. मग नुसतंच नाव घातलं.

रविवारी ती थडग्यावर जाते. दर रविवारी नाही. कधी पहाटेची पाळी करून घरी येते, जायचं म्हणून अंगातला कोटही काढत नाही, जरा पाठ टेकते, आणि जाग येते तेव्हा दफनभूमीचं फाटक बंद व्हायची वेळ झालेली असते.