माझ्या नावाचं ब्लँकेट

माझे बाबा संघपाल खामगावच्या एका हॉटेलात पोळ्या लाटायचे. तिथून कोणाच्या तरी ओळखीने आई-बाबा दोघंही युक्रेनला गेले, आपल्याकडच्या डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांच्या मेसमध्ये स्वयंपाकाला. मी आमच्या गावी, बीबीत, आजीजवळ राहिले. लढाई पेटली तेव्हा बाबांनी तळघरात त्या पोरांना खिचडी करून घातली. मग दोघं रेल्वेने, चालत, रेटारेटी करत पोलंडच्या हद्दीवर पोचले आणि तिथून घरी.

गावाने सत्कार ठेवला. बाबा नको नको म्हणत होते, पण सरपंच अर्जुनराव कुठे ऐकतात! माइक हातात आला की त्यांचा आवाज नाकात शिरतो आणि दर दोन शब्दांमागे खाकरणं. "आपल्या बीबीचा, ह्हं, वाघ! तोफेपुढं, ह्हं, खिचडी शिजवणारा!"

बाबा खुर्चीच्या टोकावर. हार पुढे आला तसे ते उठले आणि त्यांनी माइकच घेतला.

"खिचडी शिजवली, हाव. पण मले हार घालू नोका. बार्डरवर ब्लँकेटं वाटून राह्यले होते, हर मानसाले एक. आमचे दोन घेतले अन् तिसऱ्याले हात केला. भाषा येत नव्हती, म्हनून असं दाखवलं." बाबांनी तळहात गुडघ्याजवळ धरला. "लहान लेकरू हाय म्हनून. देल्लं त्यायनं. थे शेवटचं होतं. माह्या मांगच्या बाईच्या कडेवर खरंच लेकरू होतं."

मग मागून किसनकाका ओरडले, "अबे संघपाल, एका ब्लँकेटापायी काऊन तोंड पाडून राह्यला बे! जीव वाचला ना!"

लोक हसले. अर्जुनरावांना तर सूरच सापडला. "अन् थे लेकरू, ह्हं, हाय कुठं? ये वं महामाया, वर ये!"

मी आईपेक्षा बोटभर उंच. उभी राहिले आणि मंडपात हशा फुटला. "गुडघ्याएवढं म्हने!" टाळ्या, शिट्ट्या. एरवी अर्जुनरावांची नक्कल करायला मला कोणी सांगावं लागत नाही. तेव्हा मात्र मी पटकन खाली बसले. कुठे बघावं तेच कळेना.

हसता हसता अर्जुनरावांनी हार बाबांच्या गळ्यात टाकलाच. बाबा मान खाली घालून तसेच उभे राहिले.

घरी येताना आई म्हणाली, "हासले तं हासू द्या. सांगून टाकलं, मन तं हलकं झालं ना?"

"कायचं वं हलकं," बाबा म्हणाले. "माफ करनारे हे कोन? थे बाई तं तिकडंच राह्यली."