अर्धी पपई लावलेलं मटण

आईचे उरलेसुरले दात काढले आणि तिने जेवण जवळजवळ सोडलं. हिरड्या भरल्याशिवाय कवळी बसणार नव्हती. पेज, शिरा, मऊ भात, सगळ्याला तिचं एकच उत्तर, "भूक नाय." तिचं माहेर पनवेलजवळच्या गव्हाण गावचं. मटण नसेल तर तिला रविवार रविवार वाटायचा नाही. आता ती आम्हाला वाढून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. तिच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या तशी मला भीती वाटू लागली.

बाबांनाही वाटत असणार. पण ते पनवेलच्या कॉलेजात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेले गृहस्थ. त्यांनी भीती न दाखवता कच्ची पपई आणली. स्वयंपाकघरात तोवर ते फक्त पाणी प्यायला जात.

"मांस म्हणजे प्रथिनांच्या लांबच लांब साखळ्या," पपई किसता किसता ते मला सांगू लागले. "पपईतल्या एन्झाइमला एक खोबण असते. साखळी तिच्यात बसली की ते पाण्याचा रेणू घालून तिची कडी तोडतं, तुकडे सोडतं आणि पुढची साखळी धरतं. स्वतः खर्च होत नाही."

आई मटणाला पपईची एखादी फोड लावायची, तीही थोडाच वेळ. बाबांनी अर्धी पपई लावली आणि मटण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. थंडीत रेणू सुस्तावतात, म्हणून पपई जास्त. सकाळी त्यांनी ते मंद आचेवर चढवलं. तापू लागलं की एन्झाइम आधी चेकाळतं. मग उष्णता वाढली की त्याची घडी विसकटते, खोबण मोडते आणि काम थांबतं. हेही त्यांना तोंडपाठ होतं. काम थांबेपर्यंत मटण उरलं नाही. पातेल्यात स्वच्छ हाडं होती आणि भोवती तिखट लापशी.

बाबांनी पळीने एक हाड उचलून उलटसुलट पाहिलं.

"तत्त्व बरोबर आहे," ते म्हणाले.

मला हसू येत होतं आणि रागही. मी तेच दोन ताटांत वाढलं. आम्ही गिळू लागलो, चावण्यासारखं काही नव्हतंच. आई दारात उभी राहून आमची तोंडं बघत होती.

"तुमी तर सगल्यांचंच बोळकं केलंत," ती बाबांना म्हणाली.

मग आत जाऊन स्वतःचं ताट घेऊन आली आणि आमच्यात बसली. बाबांना वाढता येत नाही, त्यांनी हाडासकट वाढलं. तिने हाड बाजूला काढलं, ताट बोटांनी पुसून खाल्लं आणि परत त्यांच्यापुढे केलं.