अ‍ॅफ्रोडाइटीच्या खडकाला प्रदक्षिणा

काकूंचा फोन आला तेव्हा मी कॉम्प्युटर बंद करून पर्स खांद्याला अडकवली होती. ऑकलंडला संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे सायप्रसला सकाळचे साडेनऊ. या वेळी आमचे प्रवासी फोन करतात ते बहुतेक नाश्त्यात अंडं निघालं म्हणून. मी जरा कुरकुरतच फोन उचलला.

"अगं मुग्धा, हे पाण्यात गेलेत," काकू म्हणाल्या. "प्रदक्षिणेला. पहिली झाली. दुसरीला खडकामागे गेले ते अजून आले नाहीत."

मी पर्स परत टेबलावर ठेवली. कारण ती प्रदक्षिणा त्यांना मीच सांगितली होती.

ही गोष्ट २०१६ची. मी ऑकलंडमधल्या एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात काम करते. माझ्याकडे येणारे बरेचसे पुण्या-मुंबईचे, आयटीतले. त्यांचे आई-वडील सहा-सहा महिने येऊन राहतात आणि परत जाताना वाटेत त्यांना काहीतरी दाखवून पाठवायचं असतं. अशा प्रवाशांना आमच्या धंद्यात एफआयटी म्हणतात, म्हणजे ग्रूपशिवाय स्वतंत्र फिरणारे. त्यांच्याबरोबर गाइड नसतो. हॉटेल, गाडी, ड्रायव्हर आणि हातात एक कागद, ज्याला आम्ही आयटिनररी म्हणतो. कुठल्या दिवशी कुठे जायचं, काय बघायचं, ते त्यात असतं. मी ती मराठीत, मोठ्या टायपात लिहायचे आणि लॅमिनेट करून द्यायचे. इथल्या सँडरिंगहॅम भागातल्या मिठाईच्या दुकानात अनोळखी बायका मला थांबवून सांगायच्या की तुमचा कागद आईने अजून जपून ठेवलाय. माझी कॉलर एकदम ताठ.

निखिल हा असाच एक इथला मुलगा. त्याच्या आई-बाबांना, म्हणजे या काका-काकूंना, पाफॉसला पाठवलं होतं. हा सायप्रसचा किनाऱ्यावरचा जिल्हा. बंदराच्या तोंडाशी छोटा किल्ला, रंगीत खड्यांनी जमिनीवर काढलेली जुनी चित्रं, समुद्राकाठच्या गुहा. आणि हमरस्त्याच्या खालच्या अंगाला, गोट्यागोट्यांच्या किनाऱ्याशी पाण्यात उभा असलेला अ‍ॅफ्रोडाइटीचा खडक. अ‍ॅफ्रोडाइटी ही ग्रीकांची प्रेमाची देवी, ती इथेच फेसातून वर आली म्हणतात. खडकाभोवती तीनदा पोहलं तर कायमचं सौंदर्य मिळतं, अशीही एक समजूत सांगतात.

आता सत्तरीच्या माणसांना सौंदर्याचं काय कौतुक? म्हणून मी आपली अक्कल चालवली. लिहिलं, 'या खडकाला तीन प्रदक्षिणा घातल्या की मुलाबाळांचं सगळं चांगलं होतं, अशी इथली श्रद्धा आहे.' त्यात 'पोहून' हा शब्दही नव्हता. वाक्य लांबत होतं म्हणून गाळला. तिथे लाटा जोरात असतात, पाण्यात उतरू नये, ही सूचना वेगळ्या पानावर होती. सूचनांचं पान कोणी वाचत नाही, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत चांगलं ठाऊक होतं.

आमची बॉस शॅरन दाराशी पोचली होती. ती पीहाची, म्हणजे इथल्या सगळ्यात खवळलेल्या किनाऱ्यावर वाढलेली. माझा चेहरा बघून तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं की दिसेनासा होऊन किती वेळ झाला. मी काकूंना विचारलं.

"माझी एक माळ जपून झाली गं."

म्हणजे पाच-सात मिनिटं तरी. शॅरन लगेच म्हणाली, "आधी बायकोला पाण्यापासून लांब ठेव. बुडणाऱ्याच्या मागे घरचं माणूस जातं, आणि मग दोघं जातात."

मी काकूंना विचारलं, तुम्ही कुठे उभ्या आहात? त्या म्हणाल्या, चपला काढल्यात, साडी खोचलीय, गुडघ्यापर्यंत आलेय. मी ओरडलेच.

"काकू, मागे या. आत्ताच्या आत्ता. कोरड्या दगडावर उभ्या राहा आणि जिथे काका शेवटचे दिसले तिकडे बोट धरून ठेवा. बोट खाली करायचं नाही."

"यांना पोहता येतं गं. लहानपणी विहिरीत पोहायचे."

विहिरीला लाटा नसतात, हे मी बोलले नाही.

दुसऱ्या हाताने मी ऑफिसच्या फोनवरून ड्रायव्हर आंद्रेआसला लावत होते. तो वर गाडीतळावर कॉफी पीत असणार. दोनदा उचलला नाही. मी काकूंना म्हटलं, आजूबाजूला कोण आहे त्याला सांगा. त्या म्हणाल्या, माझं इंग्रजी नाही गं तसलं. मग मी म्हटलं, काही बोलू नका, जो दिसेल त्याच्या हातात फोन द्या. एका बाईचा आवाज आला. मी तिला सांगितलं, खडकाच्या मागे एक म्हातारे गृहस्थ आहेत, ते परत आलेले नाहीत. तिने कुणाला तरी हाक मारली, पुरुषांचे आवाज आले, पाण्यात कोणी उतरल्याचा आवाज आला. तेवढ्यात आंद्रेआसने उचलला. त्याला ११२ला, म्हणजे तिथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करायला सांगितलं.

त्यानंतर आमच्या हातात काहीच नव्हतं. फोन परत काकूंकडे आला होता.  नुसता लाटांचा आवाज आणि मधूनच त्यांचा श्वास. मला फार भीती वाटत होती. काकांसाठी, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःसाठीही. निखिलचा नंबर समोर स्क्रीनवर होता. तो त्या वेळी पेनरोजला कामावर असणार. त्याला काय सांगायचं, ते सुचेना.

शॅरनने हळू आवाजात विचारलं, "तो माणूस पाण्यात गेलाच कशाला? तू काय लिहिलं होतंस?"

मी ते वाक्य तिला इंग्रजीत वाचून दाखवलं. तिने विचारलं, हे खरं आहे का? मी म्हटलं, नाही. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग काकू म्हणाल्या, "आणलं. दोघांनी धरून आणलं."

"हलतायत का?"

"बडबडतायत. चष्मा वाहून गेला म्हणून."

मी खुर्चीत बसले आणि रडले. शॅरनने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

झालं होतं असं, की खडकाच्या मागच्या अंगाला प्रवाहाने त्यांना दगडावर लोटलं. ते तिथेच कपारीला धरून राहिले. गुडघे आणि तळवे सोलवटले, पोटात पाणी गेलं. एक दिवस हॉस्पिटलात ठेवलं, मग सोडलं.

निखिलला मी त्याच संध्याकाळी फोन केला. वाक्यासकट सगळं सांगितलं. तो चिडला, आणि ते बरोबरच होतं. पण त्याला एक गोष्ट कळेना. त्याचे बाबा निवृत्त इंजिनिअर. जन्मात देवळाच्या आत गेले नाहीत, बाहेर चपला सांभाळत बसणारे. तो परत परत म्हणत होता, "माझा बाप प्रदक्षिणा घालेल? शक्य नाही." काका तर हॉटेलातूनच कपड्यांच्या आत टॉग्ज, म्हणजे पोहायची चड्डी, घालून निघाले होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच फोन केला. मी माफी मागायला लागले तर मला थांबवलं.

"आमच्या सुनेचं, नेहाचं, तीनदा राहिलं आणि तीनदा गेलं," ते म्हणाले. "आम्ही ऑकलंडला असतानाच तिसरं गेलं. घरात कोणी बोलत नाही. तुझ्या कागदावर तीन आकडा वाचला आणि वाटलं, घालून बघू. मला एवढंच सांग, ती श्रद्धा इथे खरंच आहे ना?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांना बरंही वाटलं असतं.

"नाही काका. तिथे सौंदर्याचं काहीतरी सांगतात. मुलाबाळांचं मी माझ्या मनाने लिहिलं."

 

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "परवा आमचा मोकळा दिवस आहे. राहिलेल्या दोन घालायला मी परत जाणार होतो." मग म्हणाले, निखिलला यातलं काही सांगू नकोस. मी सांगितलं नाही. इथली नावंही बदलली आहेत.

मी अजून आयटिनररी मराठीतच लिहिते. पायऱ्या किती, सावली कुठे, टॉयलेट कुठे. लॅमिनेट करण्याआधी शॅरन प्रत्येक ओळ माझ्याकडून इंग्रजीत वाचून घेते आणि विचारते, हे खरं आहे का. त्या खडकापुढे आता दोनच शब्द असतात. लांबून पाहा.