अकरा निऑन आणि एक कुलूप

फोन रुचीचा होता. “काका, पापाजी नहीं रहे.” सकाळचे सात वाजले होते. मी वेळ विचारली, कारण विचारलं, बातमीदारीतली सवय. झोपेतच गेले, म्हणाली. मग जरा थांबून, “आप आएँगे तो मछली की भी बात करनी है…” सासऱ्याला जाऊन दोन तास झाले नाहीत आणि हिला मासे घराबाहेर काढायचेत, असं मनात आलं. तिच्यावर संशय घ्यायची मला सवय झाली होती.

तिचा सासरा, माझा मित्र अनंत टिपरे, मूळचा साताऱ्याचा. आधी हवाई दलात, नंतर इकडे उत्तरेत अमौसीच्या विमानतळावर त्याने विमानं दुरुस्त केली. काम संपलं की पेटीतली हत्यारं मोजायची; एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही. निवृत्तीनंतर महानगर नावाच्या वस्तीतल्या घरात त्याने वीस निऑन टेट्रा पाळले. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी-लाल रेघ, एक वळला की सगळे वळणार. चहाआधी तो ते मोजायचा आणि मोठ्याने म्हणायचा, “वीस. बरोबर.”

मागच्या दसऱ्याला एक कमी भरला. आठवड्यात आणखी दोन. मेलेला मासा कुठेच नाही. टाकीचं पाणी सून बदलायची. नळीतून मासे मोरीत जातात आणि ती कबूल करत नाही, असं अनंतचं ठाम मत झालं. त्याने झाकणाला कुलूप लावलं.

“पापाजी, मैं तो अंडा भी नहीं खाती, मछली क्या खाऊँगी?”

“खाणारे सांगून खात नाहीत,” तो माझ्याकडे बघत म्हणाला. मी हसलो. वर रुचीला विचारलं, पाणी शेवटचं कधी बदललं, तेव्हा घरात कोण होतं.

“काका, आप भी?” एवढंच ती म्हणाली.

दिवाळीनंतर अनंतने तो विषय काढणं बंद केलं. मी गेलो की आम्ही अंगणातच बसायचो. घरातली गोष्ट त्याने दाबली, असा निष्कर्ष मी काढला.

तेराव्यानंतर गेलो, तेव्हा दिवाणखान्यातल्या टाकीत अकरा निऑन होते. रुचीने मला अनंतच्या खोलीत नेलं. पलंगाशेजारी दुसरी, लहान टाकी होती आणि तिच्यात एकच मासा, तळहाताएवढा एंजल. तो मी दिलेला होता, अनंतच्या निवृत्तीला. तेव्हा रुपयाएवढा होता आणि निऑनबरोबर मोठ्या टाकीतच राहायचा.

“ताला लगा था, फिर भी कम हो रही थीं. एक सुबह बत्ती जलाई तो इसके मुँह में पूँछ दिखी. उसी दिन इसे अलग किया.”

“मला का नाही सांगितलं?”

“बोले, उसने प्यार से दी है, बुरा मानेगा.”

माझं मन सांभाळायला त्याने सुनेवरचा आळ माझ्यापुरता तसाच ठेवला होता. तिची माफी मागितली का, असं मी विचारलं. “माफी? पापाजी?” ती हसली. “चाबी दे दी थी.”

मी माफी मागितली. तिने घरी न्यायला एंजल झाकणाच्या बादलीत घालून दिला. दिवाणखान्यातून जाताना तिने मला थांबवलं आणि टाकीकडे बोट दाखवलं. झाकणाच्या कडीत कुलूप उघडंच लटकत होतं.

“गिन लीजिए, काका. बाद में मुझसे मत पूछिएगा.”

मी मोजले. मासे हलत होते, दोनदा मोजावे लागले.

“अकरा,” मी म्हणालो.

ती वाट बघत उभी राहिली.

“बरोबर.”