ताठ कॉलर

माझ्या आत्याचा आवाज म्हणजे शर्टाच्या कारखान्यातला दुसरा भोंगा. साठ मशिनी एकदम धडधडत असल्या, तरी तो पार शेवटच्या मशिनीपर्यंत पोचायचा. आत्या तिथे सुपरवायझर होती आणि कॉलर हा तिचा जीव की प्राण. "कॉलर ताठ पाहिजे, ताठ. बाकी शर्ट गेला खड्ड्यात. उसव. सगळं उसव." मान जराशी उजवीकडे झुकवून, नाकातून, मी हे घरी म्हणून दाखवायचे. बाबांना हसून हसून ठसका लागायचा आणि आई दाराकडे बघत राहायची, कारण आत्या कधी मागे येऊन उभी राहील याचा नेम नव्हता.

चर्चमध्येही तोच आवाज. आत्या प्रार्थनेला उभी राहिली की वाटायचं, आता देवालाही शिलाई उसवावी लागणार. "प्रभू, तू बघतोस ना? मग जरा लक्ष दे."

मग तिचा घसा बसला. महिनाभर गुळण्या झाल्या. डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं आणि त्यांचाच आवाज खाली आला. गाठ स्वरयंत्रात होती. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. गळ्याच्या तळाशी शर्टाच्या बटणाएवढं भोक पाडलं आणि श्वास आता फक्त तिथून. आम्ही ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुठे बघावं हेच कुणाला कळेना. बाबा म्हणाले, "उजेड चांगला येतो या खोलीत." खिडकीला पडदा लावलेला होता.

घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बोलायला माझी जुनी पाटी. चर्चचे पाळक भेटायला आले. ते सगळं दोनदा म्हणतात. "भगिनी, दुःखातही हेतू असतो. असतो हेतू, दुःखातही."

आत्याने लिहिलं, "त्याला सांगा, मी घरी नाही."

पाळकांनी चष्मा पुसून परत वाचलं. "कुणाला?"

आत्याने छताकडे बोट दाखवलं.

आई मटकन खालीच बसली. आत्या म्हणजे चाळीस वर्षांत चर्चचा एक रविवार न चुकवलेली बाई. तिचं बायबल कपाटावर, सुटकेसच्या मागे गेलं. चार महिने ती फाटकाबाहेर पडली नाही. बाबा दर शनिवारी विचारायचे, "ताई, उद्या?" ती पाटी पालथी घालायची. जिच्या आरडाओरड्याला आम्ही इतकी वर्षं भ्यायलो, तिच्या पालथ्या पाटीची आता जास्त भीती वाटायला लागली. ही परत माणसांत येणार, की भिंतीकडे बघत अशीच संपणार?

एका दुपारी कॉलरवाली आली. आत्याच्या हाताखाली बारा वर्षं कॉलरी शिवणारी, किडकिडीत, वाक्य अर्ध्यात सोडून देणारी. हिच्या एका वाकड्या कॉलरीपायी आत्याने हिला साठ जणींसमोर स्टुलावर उभं केलं होतं, तीच कॉलर गळ्यात अडकवून, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. हे मला कारखान्यातल्या बायकांनी सांगितलं. आत्या कधी बोलली नव्हती.

"मॅडम, ते गळ्याचं... म्हणजे झाकायला... मी आपलं..." तिने पिशवीतून एक पट्टी काढली. शर्टाचंच पांढरं कापड, कॉलरीसारखं शिवलेलं, मागे बटण. आत्या उठून बसली. खिडकीशी धरून तिने टाका न् टाका तपासला. चूक शोधणारी ती जुनी नजर चार महिन्यांनी दिसली. चूक सापडली नाही. तिने मान पुढे केली. कॉलरवालीने बटण लावलं. काज नवं होतं, घट्ट.

आत्याचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. हात गळ्याशी गेले. ओरडायची सोयच नव्हती. नुसती खाट करकरली.

"ताई, काय होतंय? ताई?" आई पाणी आणायला धावली. पाण्याचा काय उपयोग होता? मी तर नुसती खांबासारखी उभी. कॉलरवालीने कमरेची दोरे कापायची कात्री ओढली आणि काजासकट बटण उडवलं. पट्टी जमिनीवर पडली आणि तशीच ताठ उभी राहिली. आत दोन पदरी बकरम. कॉलर पडू नये म्हणून चिकटवतात ते जाड कापड. त्यातून हवा जात नाही.

"बकरम... हाताने आपोआपच..." ती म्हणाली. "तुम्हीच म्हणायच्या ना मॅडम, ताठ..." मग भिंतीला टेकून, मान खाली घालून ती ओरडा खायची वाट बघत राहिली. ओरडणारा आवाज आता या घरात नाही, हे ती विसरलीच असावी.

आत्याच्या गळ्यातून शिट्टीसारखा श्वास येत होता. तो जरा खाली बसल्यावर तिने पट्टी उचलली, हात पुढे करून कात्री मागितली आणि उसवायला बसली. एकेक टाका. बकरम ओढून काढलं. मऊ पडलेली पट्टी गळ्यावर धरली. कापड आत गेलं, बाहेर आलं. मग तिने पाटी घेतली. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

"बारा वर्षं मी तुला अशीच कोंडली. माफ कर."

"नाही हो मॅडम, इतकं काही..." कॉलरवाली थांबली. मग खाटेच्या कडेला बसली आणि आमच्या घरातलं तिचं पहिलं पुरं वाक्य बोलली. "हो, कोंडली होतीत."

आईच्या हातातला पेला तिरका झाला आणि पाणी तिच्या पायावर सांडत राहिलं. आत्याने मान हलवली. हो म्हणून.

"उद्या तीन आणते," कॉलरवाली म्हणाली. "बिनबकरमाच्या."

शनिवारी कुणी काही विचारायच्या आत आत्याने स्टूल ओढून बायबल खाली काढलं.

चर्चमध्ये साक्ष द्यायची, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायची, वेळ झाली. पाळक म्हणाले, "भगिनी आल्यात, आल्यात भगिनी, पण त्यांना बोलता..." तोवर ती माइकपाशी पोचली होती. तिने माइक तोंडापाशी नाही, गळ्यापाशी धरला. कर्ण्यातून श्वास आला. घरघरता, ओला, मोठा. पुढच्या बाकावरच्या बाईने तोंडावर हात ठेवला. मी कुणाचीही नक्कल करते, पण तो आवाज मी कधी काढून पाहिलेला नाही. मग आत्याने पाटी वर धरली.

"देवाने मातीच्या माणसाला आधी आवाज नाही दिला. आधी श्वास दिला. हे मला आवाज गेल्यावर कळलं." खाली बारीक अक्षरात, "अजून दुखतं. रागही आहे थोडा. तरी देव माझ्याजवळ आहे, म्हणून आले."

पाळक म्हणाले, "आमेन." एकदाच.

आत्या बाकावर परत आली. शेजारी कॉलरवाली बसली होती. आत्याने पाटी पुसली, परत लिहिलं आणि पाटी तिच्या गुडघ्यावर ठेवली, "पाळकांची कॉलर पडली आहे."

"राहू द्या, मॅडम," कॉलरवाली कुजबुजली. "श्वास घेऊ द्या त्यांना."