आकडीला येईल तेवढं रान

रंगूबाई,

हे तुला भरतकडून वाचून घ्यावं लागेल, आणि तुझा मुलगा मधलं गाळणार. गाळू देऊ नकोस.

तू शिवथरच्या वरच्या वाडीतली, मी महाडची, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. बाजाराच्या दिवशी पावटे विकून झाले की तू माझ्या ओटीवर चहाला टेकायचीस. त्या दिवशी शेजारची मैथिली माझ्यापुढे धडा वाचत होती. मध्ययुगातला युरोप, सरंजामदार आणि त्यांची कुळं. कुळाने धन्याच्या शेतात फुकट राबायचं, सणाला कोंबडं पोचवायचं, मुलीचं लग्नसुद्धा धन्याला विचारून ठरवायचं.

तू बशी खाली ठेवलीस. "ह्यो आमच्या खोताचा कोन?"

"कोणी नाही गं. सातासमुद्रापलीकडची गोष्ट, आठशे वर्षांपूर्वीची."

"आनि तितं बी कोंबडंच? बकरं नाय?"

मैथिली हसून लोळली. मला मात्र पुस्तकाबाहेरचं सांगायची खोड. म्हटलं, धन्याच्या रानातलं झाड तोडायला बंदी असे, पण काही ठिकाणी कुळाला एवढी मुभा होती, की काठीला लावलेल्या आकडीने ओढून जेवढी फांदी खाली येईल तेवढी त्याची. तू ते मला पुन्हा सांगायला लावलंस. तुझा डोंगर नुकताच कुंपणात गेला होता, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तुझा कसला म्हणा! कूळकायद्यात जमिनी मिळाल्या तेव्हा तुझ्या सासऱ्याने, मालोजीने, खालचं भाताचं खाचर तेवढं नावावर करून घेतलं. डोंगराचं विचारलं तर म्हणाला म्हणे, "पाल्याला कोन नाव लावतो?" शहाणाच! खाचर चालतं ते त्याच पाल्यावर. थंडीत ऐना-किंजळीच्या फांद्यांचा टहाळ तोडायचा, वाळला की शेणागवताबरोबर जमिनीवर पसरून जाळायचा आणि त्या राबावर भाताचं रोप टाकायचं. राब नाही तर रोप नाही. मालोजीला हे कळत नव्हतं थोडंच? डोंगर कुठे जातोय, असं वाटलं त्याला.

दोन हजार तीन साली गेला. खोतांच्या नातवाने तो पुण्याच्या कुणाला तरी बंगल्यासाठी विकला. काटेरी तार आली, आणि राखणीला तुमच्याच भावकीतला मुरारी.

"काकी, तारंच्या आत येव नको. माजी नोकरी जाईल."

"तुजी आय हितंच टहाळ तोडायची रे, तवा तू झोळीत मुतत व्हतास."

"म्हनून तर तोंडानं सांगतोय. दुसऱ्यावर कुत्रं सोडलं असतं. युरिया टाक ना, त्यात काय!"

टाकलास त्या वर्षी. पण तण मारायला राबाची आग नव्हती; रोपाच्या आधी तेच वर आलं आणि निम्मं खाचर पडीक राहिलं.

आमचे दत्तोपंत जन्मभर महसूल खात्यात. नवऱ्याचा तेवढा तरी उपयोग व्हावा म्हणून त्यांना विचारलं. "वहिवाटीचा दावा लावता येईल," म्हणाले. "पण निकाल ऐकायला तू नसशील, मी नसेन, आणि ती तर नाहीच."

मग तूच एका बाजाराला म्हणालीस, "बाई, तुमी नाते गावाला भनीकडं जाता. तितल्या लोहाराकडनं मला आकडी करून आना. लांब दांड्याला बसंल अशी."

"आकडी कशाला?"

"तारंच्या भायेर हुबी रायन. आकडीला येल तेवढं माजं. तुमीच सांगितलंव."

"अगं, तो रिवाज इथला नव्हे!"

"मंग त्या लोकांचा धनी बरा व्हता की वो."



नात्याला गेले. लोहाराने भाता काढून टाकून वेल्डिंगचं यंत्र आणलं होतं. अंगणभर कुंपणाचे लोखंडी खांब पडलेले. मान वर न करता म्हणाला, "आकडी? आता नाय जमनार, बाई. बंगलेवाल्यांची ऑर्डर हाय." पुन्हा गेले तर दुकानाला कुलूप. महाडच्या बाजारात कोयते मिळाले, विळे मिळाले, तुला हवी तशी आकडी कोणाकडे नव्हती. राब भाजायचे दिवस सरले, आणि भरत तुला नालासोपाऱ्याला घेऊन गेला. मुरारी सांगत होता, जायच्या आदल्या दिवशीही तू खाचराचा बांध लिंपत होतीस. कशासाठी गं?

लोहार परवा बाजारात भेटला. म्हणाला, "बाई, आता हात मोकळा झालाय. ती आकडी करायची व्हती ना? केवढी करू?"